आधी दिवा, मग हात

"आयतं हवंय सगळ्यांना," काका रॅकच्या पाठीमागून पुटपुटले. "हात मळायला नकोत कुणाचे."

धाकटी तिथेच, हातभर अंतरावर, केबल गुंडाळत होती. धाकटी हे नाव काकांनीच ठेवलेलं. ती या इस्पितळात लागली तेव्हा विभागात सगळ्यांत लहान होती. आता केस पिकले, गुडघा कुरकुरायला लागला, पण धाकटी ती धाकटीच.

खोलीत नेहमीचा गारठा आणि पंख्यांची घरघर. काकांच्या अंगात तोच कोपरांवर विरलेला स्वेटर. समोरची सगळी सर्व्हर-यंत्रं त्यांनी स्वतः जोडलेली. सुटे भाग जमवून, पत्रे कापून, वर जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं मोफत सॉफ्टवेअर चढवून. इस्पितळात फोटो काढलेली प्रत्येक छाती, प्रत्येक मणका, प्रत्येक मेंदू इथे तीन ठिकाणी साठवलेला. एक यंत्र मेलं की बाकीची त्याचा वाटा उचलतात. "चांगल्या भावंडांसारखी," काका सांगायचे, आणि मग, "माझ्या भावंडांसारखी नव्हे."

ही सगळी आता मोडीत निघणार होती. एका कंपनीने बांधून दिलेली तयार यंत्रं घ्यायचं ठरत आलं होतं. अडलं होतं ते फक्त काकांच्या सहीवाचून.

"मोठ्या बाई येऊन बसल्यात," धाकटी म्हणाली. "विक्रेताही आलाय. चला."

"आलो." जाता जाता काकांनी एका डिस्कच्या मुठीला हात घातला.

"काका," धाकटी हळूच म्हणाली, "आधी दिवा, मग हात."

हा धडा त्यांनीच तिला पहिल्या दिवशी दिला होता. खराब डिस्क काढायची तर आधी संगणकावरून तिचा दिवा लुकलुकता करायचा आणि लुकलुकेल तीच ओढायची. डिस्क सगळ्या एकसारख्या. चुकून धडधाकट हातात आली, तर बसा निस्तरत.

काकांनी हात मागे घेतला आणि हसले. "बघत होतो, तुझ्या लक्षात आहे का."

"आहे," ती म्हणाली.

शेजारच्या खोलीत मोठ्या बाई, म्हणजे इस्पितळाच्या प्रमुख, खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. टाय लावलेला विक्रेता लगबगीने उठला.

"तुम्ही नवीन दिसता," काका त्याला म्हणाले.

विक्रेत्याने धाकटीकडे पाहिलं. "हो साहेब. नवीनच."

काका दाराजवळच्या आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले. "मला एवढंच सांगा. सॉफ्टवेअर तेच, फुकटातलं. मग लोखंडाला सोन्याचा भाव कशासाठी?"

विक्रेत्याने पाठ असल्यासारखं उत्तर दिलं. यंत्र आणि सॉफ्टवेअर एकत्र तपासूनच येतं. काही बिघडलं की एक फोन करायचा. दोष लोखंडाचा की सॉफ्टवेअरचा, हे भांडण तुमच्या गळ्यात नाही. जोडणारा माणूस हाताशी नसला तरी काम अडत नाही.

"जोडणारा माणूस म्हणजे मी," काका म्हणाले.

विक्रेत्याने पिशवी मांडीवर ओढली.

"मागच्या महिन्यात दोन डिस्क एकदम गेल्या," मोठ्या बाई जपून म्हणाल्या. "एका मुलीचं ऑपरेशन होतं. डॉक्टर हात धुऊन उभे, आणि उरलेल्या एकट्या प्रतीवरून तिच्या मेंदूचा फोटो वेळेत उघडेना. वाचली, नशीब तिचं."

"डिस्क जातातच हो, बाई. म्हणून तर तीन प्रती. धाकटीने बसवल्या ना परत?"

"बसवल्या," धाकटी म्हणाली.

विक्रेत्याने पिशवीतून नमुन्याचा एक खण काढून काकांपुढे ठेवला. आत डिस्क, बाहेर मूठ. "यात एक सोय मुद्दाम बांधून घेतलीय. दिवा लागल्याशिवाय मूठ सुटत नाही. चांगल्या डिस्कला आतून कुलूप."

काकांनी मूठ ओढली. हलली नाही. जोर लावून ओढली.

"म्हणजे माणसाच्या हातावर भरवसाच नाही?"

"तशी मागणी होती, साहेब."

"कुणाची?"

विक्रेत्याने टायची गाठ चाचपली. "एका ग्राहकाची."

"त्या ग्राहकाला यंत्राच्या आसपास फिरकू देऊ नका. ज्याला स्वतःचा हात आवरत नाही, त्याने घरी बसावं."

मोठ्या बाई पर्समध्ये चष्मा शोधू लागल्या. तो त्यांच्या डोळ्यांवरच होता.

काका धाकटीकडे वळले. "तू का गप्प? तुला एकेक स्क्रू धरायला शिकवलं, ते हे कुलूप विकत आणायला? काय मिळणार आहे तुला यात?"

"काही नाही, काका."

"मग कुणाला शब्द देऊन बसलीस?"

"दिलाय एका माणसाला."

"वाटलंच." त्यांनी समोरचं पेन दूर सारलं. "माझी यंत्रं इतकी वर्षं चालली, अजून चालतील. सही हवी ना? मग ज्याने हे कुलूप मागितलं, त्याला आणा माझ्यासमोर. माझ्या डोळ्यांत बघून सांगू दे, का मागितलं. लगेच सही करतो."

विक्रेत्याने मान खाली घातली. मोठ्या बाई पुन्हा खिडकीकडे वळल्या.

धाकटी उठली. काकांच्या खुर्चीजवळ येऊन, गुडघ्याची कुरकुर न ऐकता, खाली टेकली. त्यांची बोटं अजून मुठीवरच होती. तारा झाळताना भाजल्याच्या जुन्या डागांची. ती तिने एकेक करून सोडवली आणि आपल्या हातात धरली.

"तो इथेच बसलाय, काका," ती म्हणाली. "कुलूप तुम्हीच मागितलंत. त्या मुलीच्या दिवशी, दिव्याआधी तुमचा हात चांगल्या डिस्कवर गेला तेव्हा, याच खुर्चीत. स्वतःच्या हातासाठी."