साखरपुडा

अंगठ्या घालून झाल्या. जेवण आलंच म्हणून सुरुचीनं इन्सुलिन टोचून घेतलं, पण आचोळ्याच्या त्या हॉलमध्ये फोटो काही संपेनात. दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरचा आकडा मोबाइलवर उतरत चालला.

९१.

तिनं पेढा उचलला. होणाऱ्या सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला. "अगं, शुगर आहे ना तुला?"

६८.

"कमी झालीय काकू. आत्ता गोडच लागेल मला."

"लहानपणी चॉकलेटं हादडलीस, त्याचं फळ आहे हे. आमच्याकडे नाही चालायचे असले चोचले."

पाहुण्यांत हशा पिकला. तिचा होणारा नवरा कौस्तुभही हसला.

५४.

सुरुचीचे हात कापायला लागले. सासरहून आलेला जरीच्या कागदातला साखरेचा पुडा तिनं टराटरा फोडला आणि सगळ्यांदेखत बकाणे भरले. थरथर थांबेपर्यंत ती सासूबाईंकडे बघत सावकाश चघळत राहिली. मग उरलेली साखर आईच्या पदरात ओतली, बोटातली अंगठी काढून रिकाम्या कागदात गुंडाळली आणि सासूबाईंच्या हातावर ठेवली.

"साखर मला लागत होती, काकू. पुडा तुम्ही घेऊन जा."