असा माणूस इथे नाही

मार्लीन तुओमेलाने फाइल टेबलावर ठेवली, पण उघडली नाही. वर हात ठेवून बसली.

"गावाचं नाव सापडलं म्हणालीस ना फोनवर?" अर्वो निस्काला म्हणाले. वय सत्त्याऐंशी. चर्चच्या तळघराच्या पायऱ्या उतरतानाच त्यांना धाप लागली होती. "तेवढं सांग आणि सुट. डायानला टी-शर्ट छापायला टाकायचेत."

"शनिवारी एकशेचाळीस माणसं येणार आहेत तळ्यावर," त्यांची लेक डायान म्हणाली. "प्रत्येकाच्या पाठीवर वंशवृक्ष. मुळाशी पणजोबा, हर्मन निस्काला. फक्त फिनलंडमधल्या गावाची जागा कोरी राहिलीय."

"कोर्पिनेवा," मार्लीन म्हणाली.

डायानने ते फोनमध्ये टिपून घेतलं. अर्वोंनी दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात घोळवलं. "आजोबांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, तिकडे नुसते दगड आहेत."

मार्लीनने तिघांच्या कपांत कॉफी ओतली. वेलदोड्याचा पाव पुढे सरकवला. गेली वीस वर्षं ती जुन्या नोंदींचं हे तळघर सांभाळत होती. समुद्र ओलांडून इथल्या खाणीवर आलेल्या कितीतरी फिनिश घरांची मुळं तिने याच टेबलावर शोधून दिली होती.

"अर्वो, आणखी काही आहे. जुन्या पाद्र्यांच्या कागदांत होतं. वाचू की नको, तुम्ही सांगा."

"वाच की. मला फिनिशमधल्या शिव्या तेवढ्या येतात."

तिने फाइल उघडली. कागद पिवळा पडला होता, अक्षर मोठं आणि वाकडंतिकडं होतं. ती एकेक ओळ सावकाश इंग्रजीत सांगत गेली.

"एकोणीसशे आठ. आदरणीय पाद्रीसाहेब, माझा नवरा हर्मन निस्काला तुमच्या गावच्या खाणीत आहे असं कळलं. तो मेला असेल तर तसा दाखला पाठवा, म्हणजे इथे मला विधवा तरी म्हणतील. जिवंत असेल तर त्याला एवढंच सांगा, धाकटी गेली. मोठी, हिल्मा, बरी आहे. फीना."

मार्लीनने कागद उलटा केला. "मागे पाद्र्यांनी लिहून ठेवलंय. 'भेटलो. म्हणाला, असा माणूस इथे नाही असं कळवा. तसं कळवलं.'"

"दुसरा कुणी हर्मन असेल," डायान घाईने म्हणाली. "वरच्या चर्चमधलं व्यासपीठ त्यांच्या हातचं आहे, मार्लीन!"

"गावच्या नोंदीतली जन्मतारीख तीच आहे. पुढच्याच वर्षी त्याच पाद्र्यांनी इथे त्यांचं लग्न लावलं. तुमच्या आजीशी, अर्वो."

अर्वोंनी कप खाली ठेवला. "माझे वडील अकरा सालचे," ते म्हणाले. "पाद्र्याने खरं कळवलं असतं तर..."

"तर आपण कुणीच नसतो, बाबा. शनिवारी तळ्यावर चिटपाखरू नसतं." डायानने फाइलकडे पाहायचं टाळलं. "हे कुणाला सांगायचं नाही. मार्लीन, हात जोडते तुला."

"पत्रं किती आहेत?" अर्वोंनी विचारलं.

"सहा. पाच बायकोची. शेवटचं मुलीचं."

"मला उत्तर द्यायचंय."

"कुणाला, बाबा? शंभर वर्षं झाली!"

"कुणाला ते मार्लीन सांगेल."

मार्लीनने नकारार्थी मान हलवली. तिने तेही शोधून पाहिलं होतं. "मागे कुणीच उरलं नाही. हिल्माने लग्न केलं नाही. त्र्याऐंशी साली तिकडच्या वृद्धाश्रमात वारली."

अर्वो बोटांवर काहीतरी मोजत राहिले. "त्र्याऐंशी साली मी पंचेचाळीसचा होतो," ते म्हणाले. "लाकडाचे ट्रक चालवत होतो. दर रविवारी रिकामा असायचो."

"तुम्हाला माहीतच नव्हतं."

"आत्या होती ती माझी."

त्यांनी हात पुढे केला. मार्लीनने शेवटचं पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यातलं एक अक्षरही त्यांना कळत नव्हतं, तरी ते ओळींवरून नजर फिरवत राहिले. मग त्यांनी ते तिला परत दिलं. "वाच."

"बाबा, नको," डायान म्हणाली.

"वाच तू."

"एकोणीसशे बावीस. पाद्रीसाहेब, आई गेली. आता तुमच्याकडे दाखला मागत नाही. वडिलांना परत पाठवा असंही म्हणत नाही. इथल्या सगळ्या बायकांहून मी उंच आहे. दारातून आत जाताना मला वाकावं लागतं. गावात हसतात, बापावर गेली म्हणतात. तो केवढा उंच होता, एवढं कुणाला ठाऊक असेल तर कळवा. इथे आता कुणालाच आठवत नाही. हिल्मा."

त्या पत्राच्या मागे काही लिहिलेलं नव्हतं.

डायान हळूच म्हणाली, "फोटो एकच आहे आपल्याकडे. त्यात ते खुर्चीवर बसलेत." तिने वडिलांकडे पाहिलं. "त्यांना पाहिलेले आता तुम्हीच एकटे उरलात, बाबा."

अर्वो टेबलाला धरून उठले. उजवा हात त्यांनी डोक्याच्या वर नेला, पंजा आडवा धरला. थोडा खाली आणला. पुन्हा वर नेला. कुठे थांबावं ते हाताला कळत नव्हतं.

"ते गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो गं," ते म्हणाले. "मला सगळेच उंच दिसायचे."