डावी कूस

"आखडलेल्या जागी जोर लावू नको गं, हात नुसता ठेव," असं आई सांगायची. आईचे हात थकलेत, एवढाच अर्थ तेव्हा चंद्रमतीनं घेतला.

पुढं तंजावुरातल्या बाळंतिणींना तेल लावण्यात तिचाही जन्म गेला. राजमचं बाळ तापानं गेलं होतं, तरी सासूनं तेल चुकू दिलं नाही. राजम मात्र उजव्या कुशीवरच पडून असायची.

"वळ गं बाई, अर्धीच चोळून घेणार का?"

चंद्रमतीनं वळवायला जोर लावला, तशी राजमनं अंग आखडून घेतलं. मग चंद्रमतीनं चोळणं सोडलं आणि तिच्या डाव्या बरगड्यांवर तळवा नुसता ठेवला. वाटीतलं तेल निवलं.

"ताप नव्हता, अक्का," राजम भिंतीकडं बघत म्हणाली. "झोपेत मी या कुशीवर वळले. खाली बाळ होतं."