वातीचा कापूस

सकाळी अकरा वाजता भूमिकाच्या मोबाइलवर डीएनए तपासणीचा अहवाल आला. पीएचडीसाठी देशी कापूस शोधत ती वर्षभर एरंडोलकडची गावं फिरली होती. पण घरी राखलेल्या कुठल्याही सरकीला तिथे देशीच म्हणतात. आधीचे चाळीस नमुने अमेरिकन निघाले. एक्केचाळिसावा, शेवटचा, मात्र अस्सल देशी ठरला. तो शेवंताअक्कांच्या परसातल्या, देवाच्या वातींसाठी जपलेल्या दोन झाडांचा होता. भूमिका तडक जाऊन अक्कांच्या पाया पडली. "तुमच्या कापसात देशीची खूण असलेले डीएनएचे तेच तेच तुकडे लाखो वेळा आलेत, अक्का. त्यावरूनच ओळख पटली." अक्का हसल्या. "मन्ही सासू बी तेच तेच सांगे पोरी, वातना कापूस मिसळू नको. म्हनीसन ध्यानमा ऱ्हायनं." त्यांनी ओंजळभर सरकी दिली. सरकीच्या पाकिटावर 'वाणाचं नाव' यापुढे भूमिकाने अक्कांच्या सासूचं वाक्य लिहिलं. त्यातले दहा दाणे पेरले आहेत. आजपर्यंत सहा उगवले.