सोमवारचा दिवा

चौथ्या सोमवारीही इंजिनाचा तोच पिवळा दिवा लागला. नर्स क्षणभर स्टिअरिंगवर हात ठेवून बसली. मग रुग्णालयात उशीर होणार असल्याचं कळवून तिने गाडी गॅरेजकडे वळवली.

मेकॅनिकने स्कॅनर लावला. हवेच्या सेन्सरचा प्लग पुन्हा निघालेला. पहिल्या वेळी त्याने तो नुसता दाबून बसवला होता, दुसऱ्यांदा साफ केला, तिसऱ्यांदा क्लिपच नवी घातली. आता तो हात पुसत म्हणाला, “ताई, हा आपोआप निघत नाही. कुणीतरी हाताने काढतंय.”

घरात माणसं दोनच, ती आणि नवरा. इतक्या लांबची नोकरी नवऱ्याला पहिल्यापासून डाचत होती. अशा सारख्या उशिराने एक दिवस घरीच बसवतील तुला, असं तो दोनदा बोललाही होता.

संध्याकाळी तिने सरळ विचारलं. त्याने कानांवर हात ठेवले. शब्दाने शब्द वाढला, जुनं सगळं उकरलं गेलं. शेवटी तो एवढंच म्हणाला, “इतकाच विश्वास होता का माझ्यावर?”

तिने बॅग भरली आणि वडिलांचं घर गाठलं.

आई गेल्यापासून वडील एकटेच राहायचे. दर रविवारी लेकीकडे जेवायला यायचे आणि जेवण झालं की हौसेने तिची गाडी धुऊन पुसून द्यायचे. तिला दारात बघताच त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली. तिची खोली आधीच झाडलेली होती, पलंगावर धुतलेली चादर होती. ती त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली.

माहेरी सहा आठवड्यांत दिवा एकदाही लागला नाही. आणखी काय पुरावा हवा होता? नवऱ्याचे फोन तिने घेतले नाहीत. वडील तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, की एकदा ठरवलंस की मागे बघू नकोस. शुक्रवारी तिने घटस्फोटाच्या अर्जावर सही केली.

शनिवारी ऑइल बदलायला ती वडिलांच्या जुन्या ओळखीच्या गॅरेजात गेली. म्हाताऱ्या मिस्त्रीने तिला लहानपणापासून पाहिलेलं. बॉनेट उघडता उघडता तो कौतुकाने हसला.

“मग, शिकवलं का बाबांनी? इंजिनाला धक्का न लागता नुसता दिवा लागायला कुठला प्लग काढायचा, ते माझ्याकडून नीट समजून घेऊन गेले होते. म्हणाले, लेकीला गाडीतलं शिकवायचंय.”