वळलेला चेहरा

"एक सेकंद थांबली असती ना, तर काहीच प्रॉब्लेम नव्हता," फोटोवाला धनराज म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्याने जीभ चावली.

दामिनीने मांडीवरच्या चार महिन्यांच्या लहानीच्या कपाळाला हात लावून पाहिला. स्टुडिओत शिरल्यापासून ती हेच करत होती. कपाळ थंड होतं.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिची थोरली, आचल, धावत होती. दिराच्या लग्नात धनराजनेच काढलेला फोटो. नवरा-नवरी हार धरून उभे, आणि त्यांच्या पुढून अडीच वर्षांची आचल पिवळ्या फ्रॉकात पळत निघालेली. फ्रॉक कळत होता, पायातला एक चाळ कळत होता. चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता गव्हाळ पट्टा, ओल्या पाटीवरून कोणी तळहात ओढावा तसा. मेंदूच्या मलेरियात पोर गेली त्याला दोन महिने झाले होते. तिचा एवढा एकच फोटो होता.

जावळ काढल्याशिवाय लेकराचा फोटो काढायचा नाही, हा सासूचा, प्रेमिलाबाईंचा दंडक. तिसऱ्या वर्षी जावळ काढू, मग हौसेनं पाहिजे तेवढे फोटो काढा म्हणाल्या होत्या. दामिनी बी.ए. झालेली. तिला ते पटत नव्हतं. पण उगाच विषाची परीक्षा कशाला, म्हणून तीही गप्प राहिली.

आज सकाळी चहा गाळताना आचलची खळी कोणत्या गालावर पडायची, तेच तिला आठवेना. नवरा म्हणाला उजव्या. सासू म्हणाली डाव्या. चहा तसाच टाकून ती पहिल्या गाडीनं आरमोरीला आली. प्रेमिलाबाई मागोमाग.

"भाऊ, थोडा तरी साफ नाही होणार का? निदान गाल तरी?"

"ताई, जे कॅमेऱ्यात आलंच नाई ते मी कुठून आणू? साफ फोटोले ब्लर करता येते. ब्लरले साफ नाई करता येत." त्याने भिंतीकडे बोट केलं. तिथे एक तरुण मोटरसायकलवर भन्नाट चालला होता, मागची झाडं रेघारेघा झालेली. "हा पोट्टा पाहा. याले सायकलबी चालवता येत नाई. स्टुलावर बसवून फोटो काढला, बाकी सारं इथीच केलं."

कोणी हसलं नाही. धनराजने माऊस इकडेतिकडे फिरवला.

"एक करता येते. एवढ्याच वयाच्या पोरीचा फोटो हाय माझ्याकडे, वडशाले एका वाढदिवसात काढलेला. तिचा चेहरा बसवून देतो."

दामिनीने तोंड उघडायच्या आत प्रेमिलाबाई म्हणाल्या, "बसव रे बापा. भितीवर लावाले काही तं पाहिजे."

दहा मिनिटांत आचलच्या फ्रॉकातून एक परकी मुलगी स्वच्छ हसत त्यांच्याकडे पाहू लागली.

प्रेमिलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "हे पाह्य, दामिनी! आपलीच तं हाय. अशीच हासे." त्यांनी पुढे होऊन काचेवरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

दामिनीने त्या मुलीचे दोन्ही गाल पाहिले. खळी कुठेच नव्हती.

"पण अंग धावून राह्यलं अन् चेहरा थांबला, असं दिसते," धनराज स्वतःशीच बोलला. "हिलेबी थोडं ब्लर करून धाववतो. एकदम नाई, हळूहळू. तोंडाकडे कमी, मागं जास्त. कुठी थांबू ते सांगजा."

पडद्यावरच्या आकड्याशेजारची पट्टी तो सरकवू लागला. दहावर केसांच्या बटा सुटल्या. वीसवर कान विरघळला. तिसावर हसू लांबत गालापर्यंत आलं.

"ताई?"

"आणखी."

"आता चेहरा जाईन बरं."

"जाऊ द्या."

चाळीस. पन्नास. डोळ्यांच्या सावल्या झाल्या, सावल्या एकमेकींत मिसळल्या, आणि राहिला नुसता गव्हाळ पट्टा.

"थांबा!" लहानीला छातीशी धरून दामिनी उठलीच. "हीच. हीच आचल."

त्या दिवशी मांडवात पोर पडेल म्हणून दामिनीनेच ओरडून हाक मारली होती. हाकेसरशी आचल धावता धावता वळली, आणि नेमका तेव्हाच फोटो निघाला.

धनराज खाली पाहत म्हणाला, "ताई, ही तं वडशाची पोरगी हाय." त्याने पहिला फोटो शेजारी उघडून ठेवला.

दोन पिवळे फ्रॉक. दोन चाळ. दोन पट्टे.

"यातली आपली कोनती?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

धनराज फाइलचं नाव वाचायला पुढे वाकला. मग सावरून घेत म्हणाला, "मावशी, मी म्हणतो, या लहानीचा तरी काढून ठेवा आता. दोन मिनिटांचं काम."

"जावळ नाई झालं तिचं." प्रेमिलाबाईंनी झटक्यात लहानीच्या तोंडावर पदर ओढला.

दामिनीने तो पदर बाजूला केला नाही. पदराखालून हात घालून तिने कपाळ तेवढं चाचपलं. मग पडद्याच्या अगदी जवळ गेली आणि हळूच हाक मारली.

"आचल."

दोघीही वळलेल्याच होत्या.