दीड बोट

हरिदासने आरशासमोर उभं राहून तोंडात बोटं घातली. तीन जात नव्हतीच, आज दोनही गेली नाहीत. दीडच. उजव्या कानापुढे अशी कळ निघाली की डोळ्यांत पाणी आलं. त्याने बोटं पंच्याला पुसली आणि आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला.

तीन बोटांचं हे माप त्याला गावच्या आशाताईने शिकवलं होतं. ज्याच्या तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत त्याने दवाखान्यात दाखवून यावं, असं तिने खर्रा खाणाऱ्यांना बसवून सांगितलं होतं. आणि इकडे खर्रा खात नाही कोण? सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा. हरिदासने पंचवीस वर्षं धरला. तोंड मिटत गेलेली गावातली दोन माणसं त्याने पाहिली होती. दोघंही नागपूरला गेली, ती काही परत आली नाहीत. तेव्हा तोंड मिटायला लागलं म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याने खर्रा गुपचूप सोडला, पण दवाखान्याचं नाव काढलं नाही. गेलं की रोगाचं नाव कळणार. आणि नाव कळलं की मग उरलं काय?

सांगणार तरी कोणाला? बायको, वच्छला, जाऊन दीड वर्ष झालं होतं. मुलगा पियुष पुण्याला कंपनीत. बाबा, दोनच शब्द काऊन बोलता, असं तो फोनवर विचारी. बोललं की जबडा ठणके, मग हरिदास नेटवर्कवर ढकलून मोकळा होई. जेवताना घरात दुसरा आवाज नसे, जबड्याची कटकट तेवढी ऐकू येई. एक दिवस तीही थांबली. आता बरं झालं म्हणून गडी खूश झाला, भोळा बिचारा. त्याच दिवसापासून तोंड उघडेना.

एक गोष्ट मात्र कोणाजवळ काढायची त्याला लाज वाटे. वच्छला गेल्यापासून त्याला सलग झोप लागत होती. आधीच्या तीस वर्षांत ती कधी लागली नव्हती. बाई रात्रीतून चारदा त्याच्या पायाचा अंगठा ओढून त्याला उठवायची. काऊन उठवते म्हणून विचारलं तर म्हणायची, भेव वाटते, सपनं पडते. वैतागून एकदा त्याने आपली खाट बाहेर पडवीत, सपरीत नेली, तर ही स्वतःची खाट ओढत मागोमाग हजर! गाव हसलं. तिचं नावच भित्री वच्छला पडलं आणि तिनेही ते हसून चालवून घेतलं. आता अंगठा ओढणारं कोणी नव्हतं. झोप पोटभर व्हायची, तरी सकाळी जबडा दगडासारखा जड असायचा आणि घर खायला उठायचं.

शेजारच्या बायनाबाईने त्याला पातळ पेज बशीने ओढताना पाहिलं. दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी बाजार होता. तिने त्याला चामोर्शीच्या बसमध्ये घातलं आणि दातांच्या दवाखान्याच्या पायरीवर आणून उभं केलं.

"मरायचंच असन त माहीत करून मरा ना, हरिदासभाऊ," ती म्हणाली आणि बाजाराला निघून गेली.

डॉक्टरीण दिव्यानी वयाने त्याच्या पियुषएवढी. तिने गाल आतून चाचपले, कानांपुढे बोटं ठेवून जबडा हलवायला लावला, दातांवर उजेड धरला. हरिदासचा जीव टांगणीला लागला होता.

"काका, हे खर्ऱ्याचं नाही," ती म्हणाली. "गाल मऊ आहेत. तुमच्या जबड्याचा सांधा अडकलाय."

त्याला आधी समजलंच नाही. मग त्याने जिभेने स्वतःचे गाल आतून चाचपून पाहिले. ती पुढे बोलतच होती. कटकट वाजून दुखायला लागलं तेव्हाच यायचं होतं, तोंड अडकेपर्यंत कोणी थांबतं का? मऊ खा, गरम शेक घ्या, रात्री दातांवर घालायला कॅप बनवून देते, हळूहळू उघडेल. सोडलेल्या खर्ऱ्याला मात्र पुन्हा हात लावायचा नाही. हरिदास दीड बोटाच्या तोंडाने जमेल तेवढा हसला.

मग तिने सहज सांगितलं की तो झोपेत दात खातो. दात जुन्या जात्यासारखे घासून गुळगुळीत झालेत.

हरिदास ताडकन उठला. झोपेत दात खाणारा माणूस घरच्यांच्या मुळावर येतो, असं त्याच्या गावात मानत. त्याच्या धाकट्या भावाने लहानपणी दात खाल्ले आणि त्याच वर्षी बाप वारला. आईने त्या लेकराला पुन्हा कधी जवळ घेतलं नाही. वच्छला सून होऊन आली तेव्हाही म्हातारीच्या तोंडी तेच होतं.

"आमच्या घरी असं कोणी नाई," तो म्हणाला.

दिव्यानीने त्याला समजावलं. ही सवय असते, काळजीने वाढते, तिच्यामुळे कोणाचं वाईट होत नाही. मग तिने दातांवर बोट टेकवलं.

"पण हे आजचं नाही, काका. तीसेक वर्षांचं घासणं आहे. शेजारी झोपणाऱ्याची झोप उडावी एवढा आवाज होतो. हलवून जागं केलं की थांबतो. तुम्हाला कधीच कोणी बोललं नाही?"

हरिदास परत खाली बसला. चपलेतून बाहेर आलेल्या आपल्या अंगठ्याकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला.

"ते भित्री नव्हती जी," तो म्हणाला.